जिवंत माणसांचे खडे

"तोंड उघड," तो म्हणाला.

मी उघडलं.

कंट्रोलच्या दुकानाचा मालक गादीवरून उठला नाही. मापावरचं धान्य सपाट करायची लाकडी पट्टी त्यानं हातात घेतली, पुढं केली आणि तिच्या टोकानं माझा वरचा ओठ वर उचलला. हात लागू दिला नाही. पट्टीला ज्वारीचं पीठ लागलेलं होतं. ते माझ्या हिरडीला लागलं.

"चारदाती झाली की," तो म्हणाला.

दुकानात तिघं बसले होते. तिघंही हसले. बैलबाजारात जनावराचं वय दातावरून बघतात. दोनदाती, चारदाती, सहादाती. मी चौदा वर्षांची होते.

बा पायरीच्या खाली उभा होता. मुंडासं काढून त्यानं काखेत धरलं होतं. तो म्हणाला, "मालक, पोरगी शिरगणतीच्या आधीची हाय. चारी लेकरं आधीची हायेत."

"आधीची हायेत तर कागदावर काहून न्हाईत? कागदावर तीन माणसं. तू, तुझी बायको, तुझी माय. ही चार कुठून पैदा केली? का महारवाड्यात लेकरं उसनी भेटून राहिली आता?"

पुन्हा हसू. मग पट्टी माझ्या पाठच्या भावाकडं वळली. त्यानं तोंड उघडलं. त्याच्या पाठच्यानं उघडलं. धाकटी बहीण पाच वर्षांची होती. तिनं कुणी सांगायच्या आतच तोंड उघडलं. दुकानात तोंड उघडायला लावतात म्हणजे काहीतरी खायला देतात, असं तिला वाटलं.

तीन माणसांची ज्वारी बानं पसरलेल्या धोतराच्या पदरात वरून पडली. आम्ही सात जण घरी आलो. म्हणजे आजी आणि माय घरीच होत्या. दुकानातून आलो ते पाच.

मला राग आला नाही. रडूही आलं नाही. हिरडीवरचं पीठ मी जिभेनं चाटलं आणि गिळलं. त्या दिवसाचं मला जे आठवतं ते असं आहे.

आता कागदावर तीनच का होते, ते सांगते.

आम्ही मूळचे डोंगरकड्याचे. तिथं चार भावांत वाटणी होऊन जमिनीचा तुकडा उरला होता. त्यात एकाचं घर चाललं नसतं. हिंगोलीत कापसाच्या जिनिंग होत्या, रेल्वे होती. बा स्टेशनावर हमालीला लागला, माय जिनिंगमध्ये. आम्ही आलो तेव्हा रुळांच्या पलीकडं मोजकी खोपटं होती. दर हंगामाला नवी येत गेली. कुणी शिरड शहापूरकडून, कुणी कळमनुरीच्या बाजूनं. दिवाळीनंतर जिनिंग सुरू व्हायची आणि शिमग्याच्या सुमारास बंद पडायची. तेवढे महिने मजुरी रोख. बाकीचं वर्ष बाच्या पाठीवर. खेड्यात उपास पडला तर कुणाच्या तरी दारात ताक मिळायचं. शहरात ते नव्हतं. शहरात विकत घ्यायचं किंवा नसायचं.

लढाई सुरू झाल्यावर शिरगणती आली. आमच्या वस्तीची गणती एका मास्तरांकडं होती. ते वस्तीत आले नाहीत. रुळांच्या अलीकडं एक लिंब आहे. त्याच्या सावलीत खुर्ची मांडून बसले. लिंबापासून आमचं पहिलं खोपट चाळीस पावलांवर. मी नंतर मोजली आहेत.

एवढ्या लांबून बोललेलं नीट ऐकू जाईना. एकेकाला जवळ बोलवायचं तर सावली पडेल. म्हणून मास्तरांनी कोतवालाला हुकूम दिला आणि कोतवालानं आरोळी दिली: "आपापल्या दारापुढं माणशी एक खडा ठेवा हो. जितकी माणसं तितके खडे."

मायनं मला खडे आणायला पाठवलं. रुळांखालची खडी काळी आणि टोकदार असते. मी सात आणले. मायनं ते पाहिले. त्यातले तीन घेतले. चार माझ्या हातात परत दिले.

"जा, टाकून ये."

"काहून?"

"जित्या लेकराच्या नावानं खडा ठेवत्यात व्हय? थोरांचं सोड. आमचं भोगून झालंय."

आमच्यात माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी त्याच्या नावानं एक खडा ठेवतात. त्याला पाणी देतात, घास दाखवतात. खडा ठेवला म्हणजे माणूस गेलं, हे घरातल्या सगळ्यांना कळतं. मायची दोन लेकरं माझ्याआधी गेलेली होती. त्यांचे खडे तिनं ठेवलेले होते. तिला आणखी ठेवायचे नव्हते.

मी चारही खडे रुळांवर परत नेऊन टाकले. त्यातला एक माझा होता.

मास्तरांनी लांबून विचारलं, "तीनच?" मायनं मान हलवली. वहीत लिहिलं गेलं: माणसे तीन.

शेजारचा भिवाकाका हुशार होता. त्यानं मेलेल्या भावाचाही खडा ठेवला. म्हणाला, "खडा तर त्याचाच ठिवायचा असतो." तो थट्टा करत होता. पण पुढं धान्याचा तुटवडा पडला, कंट्रोल आला आणि त्याच वहीवरून घराघराच्या चिठ्ठ्या निघाल्या. भिवाकाकाच्या मेलेल्या भावाला दर आठवड्याला ज्वारी मिळू लागली. आम्हा चौघांना मिळाली नाही. कंट्रोलबाहेर बाजारात ज्वारीचा भाव दुप्पट होता, आणि कधी कधी भाव असायचा पण ज्वारी नसायची.

बा दोनदा कचेरीत गेला. "फेरगणती होईल तेव्हा या," असं त्याला सांगण्यात आलं. तिसऱ्यांदा तो आम्हालाच घेऊन दुकानात गेला. माणसं डोळ्यांनी दिसली तर कुणी नाही म्हणणार नाही, असा त्याचा हिशेब. तेव्हाचं मी वर सांगितलं आहे.

घरात माय भाकरी मोजत नसे. हातानं चाचपून वाटायची. आजी शेवटी बसायची. "मला न्हाई चावत. दात कुठं हायेत?" असं म्हणून आपली अर्धी धाकटीपुढं सरकवायची. आजीला दात होते. खालचे सगळे शाबूत होते. ते आम्ही पाहत होतो आणि अर्धी भाकरी खात होतो.

त्याच सुमारास माझी सोयरीक आली आणि थांबली. मुलाच्या बापानं बाला बाजूला घेऊन विचारलं, "पोरगी चिठ्ठीवर हाय का?" सून आणायची तर तिच्या वाट्याचं धान्य तिच्यामागं आलं पाहिजे. जी कागदावर नाही तिच्यामागं काय येणार? त्यानं वाईट शब्द काढला नाही. चहा प्याला आणि गेला.

आजी वैशाखात गेली. आजार असा नव्हता. बसल्या जागी वाळत गेली. मरणाची खबर देणं कोतवालाचं काम होतं, त्यानं दिली. पुढच्या आठवड्याला दुकानात मालक म्हणाला, "आता दोन माणसं." पट्टीनं माप सपाट केलं आणि दोन माणसांची ज्वारी ओतली. आमचं जगणं तीन वर्षांत कागदावर चढलं नव्हतं. आजीचं मरण आठ दिवसांत चढलं.

आजी गेल्यावर तिसऱ्या दिवशीच मायनं तिच्या नावानं खडा ठेवला होता. पाणी घातलं. मग हात तसाच जमिनीवर ठेवून म्हणाली, "तिचा खडा म्या तवाच ठिवला व्हता. ह्या हातानं."

त्यानंतर ती बोलायची कमी झाली. जिनिंग सुरू झाल्यावर तिथं जायची, यायची. दारातून बाहेर पडताना जिथं ते तीन खडे ठेवले होते ती जागा ओलांडून जायची. तिथं काही नव्हतं.

मला दुःखापेक्षा एक प्रश्न जास्त दिवस पुरला. खडा मायनं ठेवला, हे खरं. पण तो मागितला कुणी? चाळीस पावलं चालून आला असता तर मास्तर सात माणसं बघून गेला असता. मायला हात लावायचं कामच पडलं नसतं. हा विचार मला जिनिंगमध्ये सरकी वेचताना आला. मी हात थांबवला नाही. पण त्या दिवसापासून मला हिरडीवर ते पीठ पुन्हा जाणवू लागलं, आणि ते गिळता येईना.

फेरगणती पुढच्या उन्हाळ्यात आली. तेच मास्तर. तोच लिंब. कोतवालाची तीच आरोळी. दारोदार खडे पडले. भिवाकाकानं आपले ठेवले, भावाचाही ठेवला. माय आत गेली आणि तिनं कुडाचं दार ओढून घेतलं.

"सातवं घर," मास्तर ओरडले. "खडे का नाहीत?"

कोतवाल मला म्हणाला, "ठिव ना बाई दोन-चार. काहून तकलीफ देऊन राहिलीस?"

मी रुळांवर गेले. सहा खडे उचलले. परत आमच्या दाराकडं न येता लिंबाकडं चालत गेले. मास्तर खुर्चीवरून उठले, पण वही स्टुलावर उघडीच राहिली. मी सहाही खडे तिच्या पानावर ठेवले.

"मास्तर, ह्यातला मी कंचा, तेवढं सांगा."

ते मागं सरकले होते. "वेड लागलं काय तुला? वही बाटवलीस."

"ह्यातला मी कंचा?"

"हे बघ, मी हे काम बिनपगारी करतो. घरोघर हिंडून, उन्हातान्हात..."

"घरोघर कुठं हिंडलात? तुमी इथंच बसून राहिलात."

हे मी मोठ्यानं बोलले नाही. बाजूला कोतवाल होता, त्यानंच फक्त ऐकलं असेल.

मग एक अडचण झाली. वहीवर आमच्या हातचे खडे होते. मास्तरांना ते उचलता येईनात. कोतवालाला सांगावं तर तोही आमच्यातला. वारा सुटला होता, पानं फडफडत होती. शेवटी मास्तरांनी आपल्या तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि वहीवर शिंपडलं. एकदा, दोनदा, तीनदा. वही शुद्ध झाली असेल. शाई कच्ची होती. सकाळपासून लिहिलेली आमची सगळी ओळ, पहिल्या घरापासून सहाव्यापर्यंत, निळी होऊन पानभर पसरली.

त्यांनी ते पान फाडलं आणि ते गेले.

फेरगणती लागताच जुन्या चिठ्ठ्या रद्द झाल्या होत्या. तीन आठवडे वस्तीला चिठ्ठी नव्हती. चिठ्ठी नाही म्हणून ज्वारी नाही. भिवाकाका आमच्या दारापुढं उभा राहून बाला म्हणाला, "पोरीच्या जिभेला खीळ घाल. तिच्या एका तोंडापायी शंभर तोंडं उपाशी हायेत." त्याची बायको म्हणाली, "आमचे सात जण चिठ्ठीवर व्हते. तुमचे दोन व्हते म्हणून आमचेबी घालवले." ते खोटं नव्हतं. बानं मला मारलं नाही. तो स्टेशनावर गेला आणि रात्रगाडीचीही ओझी घेऊ लागला. त्या तीन आठवड्यांत वस्तीतलं कुणी माझ्याशी बोललं नाही. मी कुणाची माफी मागितली नाही.

चौथ्या आठवड्यात मास्तर पुन्हा आले. कचेरीनं नवीन पान मागितलेलं असणार. लिंबाखालीच बसले. कोतवालानं आरोळी दिली. मी दारात बसून राहिले. हात मांडीवर, रिकामे.

आतून माय आली. तिनं मला उठवलं, आम्हा चौघांना पुढं घेतलं, बाला मागं, आणि लिंबाकडं चालू लागली. चाळीस पावलं. मास्तरांच्या समोर जाऊन तिनं एकेकाच्या डोक्यावर हात ठेवला आणि एकेकाचं नाव घेतलं. आकडा सांगितला नाही. लेकरांचा आकडा ती कधीच सांगणार नव्हती.

"एवढी हायेत," ती म्हणाली. "मोजा तुमी."

मास्तरांनी खाली बघून लिहिलं. आमच्यामागून दुसरं घर निघालं, मग तिसरं. भिवाकाका आपली माणसं घेऊन आला. भाऊ त्यांच्यात नव्हता. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. मास्तर मात्र वस्तीत आले नाहीत.

चिठ्ठीवर सहा माणसं आली. पहिल्या दिवशी ती घेऊन मी एकटीच दुकानात गेले. मालकानं चिठ्ठी लांबूनच बघितली.

"दोनाची सहा झाली? जादू हाय." त्यानं पट्टी उचलली. "तोंड उघड, बघू दे. आता सहादाती असशील."

मी तोंड उघडलं नाही. चिठ्ठी त्याच्यासमोर धरली. पट्टी माझ्या ओठाला लागली. मी दात घट्ट मिटले आणि तिथंच उभी राहिले. मागं ओळ होती. कुणी हसलं नाही, कुणी माझ्या बाजूनं बोललंही नाही. बऱ्याच वेळानं त्यानं पट्टी खाली घेतली आणि मापावर फिरवली. सहा माणसांची ज्वारी, वरून.

नंतर निजामाचं राज्य गेलं. कचेरीवर दुसरा झेंडा लागला. दुकान तेच राहिलं, मालक तोच, पट्टीही तीच. टोपी तेवढी बदलली. आजी शिरगणतीच्या वहीत एक खडा होती आणि मरणाच्या वहीत एक ओळ. तिचं नाव पहिल्या वहीसाठी कुणी विचारलं नव्हतं.

गणती पुन्हा येईल. कुणीतरी लिंबाखाली खुर्ची मांडेल. कुणीतरी आरोळी देईल. त्या दिवशी वस्तीला पुन्हा तीन आठवडे उपास पडणार असला तरी मी दारात असेन, आणि माझ्या हातात खडा नसेल.