निर्गुडीचं कुंपण

आमच्या गावाखाली उल्हास नदी वळते, तिथे वाळूचा एक लांबट उंचवटा आहे. त्याच्या आडोशाला डोह आहे. नदीचं पाणी उतरलं की गावातल्या मासेमारांचा उन्हाळा त्या डोहावरच निघतो. उंचवट्यावर जाताना ही मंडळी चपला काठावर काढतात. देवाचं काही असेल, असं मी धरून चालले होते. जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाईला विचारायची गरज कुठे वाटते!

निवृत्त झाल्यावर माझ्या अंगात समाजसेवा संचारली. नेरळ-शेलूच्या नव्या इमारतींतली उत्साही मंडळी जमवून मी तो उंचवटा ‘स्वच्छ’ केला. प्लास्टिक उचललं ते ठीक, पण लव्हाळा आणि निर्गुडीही रान म्हणून उपटून टाकली. काठावर जाळं विणत बसलेले एक म्हातारे मासेमार, ज्यांना सगळे मामा म्हणतात, म्हणाले, राहू द्या बाई. मी हसून पुढे गेले.

त्या पावसाळ्यात मोकळी झालेली वाळू पुराबरोबर सरकली आणि निम्मा डोह बुजला. उन्हाळ्यात मामा रिकामी टोपली घेऊन परतताना मला खिडकीतून दिसायचे. लाजेने मी नदीकडे फिरकेनाशी झाले. शेवटी तेच दारात आले. आता चार शब्द ऐकावे लागणार, म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी परसातल्या माझ्या निर्गुडीच्या कुंपणाकडे बोट दाखवलं.

“हे द्या, बाई. फांद्या लावू आमी. मुळं वाळू धरतात.”

ते कुंपण काढून मला परसाला पक्की भिंत घालायची होती, गवंडीही ठरला होता. भिंतीचा बेत मी सोडला आणि फांद्यांसाठी कुंपण राखलं. सगळ्या मासेमार घरांनी मिळून उंचवट्यावर फांद्या रोवल्या, लव्हाळा लावला. त्या जगेपर्यंत तिथे ना गुरं जाऊ दिली, ना जाळी वाळत घातली. पाणी घालायचं काम मी मागून घेतलं. दोन पावसाळ्यांत वाळू तिथे थांबायला लागली आणि पुराने डोहातला गाळ ओढून नेला.

यंदा चैत्रात एका सकाळी मामांनी उंचवट्यावर बोलावलं. चपला काढताना मी एकदाचं विचारलं, मामा, इथे देव कुठला?

“देव नाय, बाई. अनवाणी माणूस खाली बघून चालतो.”

मी खाली बघितलं. पावलापासून वीतभर अंतरावर टिटवीची चार अंडी होती, वाळूच्याच रंगाची. त्या सफाईच्या दिवशी आम्ही सगळे बूट घालून इथे हिंडलो होतो. मला रडू आलं.

 निघताना मामांनी पानात गुंडाळलेले दोन मासे माझ्या हातात ठेवले. डोहातले.