उसाचा मुरघास आणि चुन्याची निवळी

अर्जदार : ठाण्याच्या मामलेदार कचेरीबाहेर, पिंपळाखाली मेज मांडून बसणारा अर्जलेखक, म्हणजे प्रस्तुत लेखक. शिक्षण मराठी सहा इयत्ता व इंग्रजी तीन, पैकी तिसरी अपुरी.

जिच्याकरिता हे लिहिले ती : बाळकुम येथील विधवा बाई, चार म्हशींची मालकीण.

साक्षीदार : एक, सदर बाईचा सासरा, जन्मभर मिठागरात राबलेला. दोन, दारूबंदीचे जमादार. तीन, त्याच खात्याचे साहेब. चार, एक म्हैस. तिला बोलता येत नसले तरी तिचीच साक्ष अखेर ग्राह्य धरली गेली.

घटनेचा काळ : मुंबई इलाख्यात दारूबंदी लागू झाल्यानंतरचा दुसरा कार्तिक ते माघ.

वरील तपशिलात नावे नाहीत, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. वीस वर्षांत मी नावावाचून एकही कागद लिहिलेला नाही. परंतु हे सारे प्रकरण एका नावावरच अडलेले आहे. ते नाव जिथे लिहायला नको होते तिथे लिहिले गेले आहे. सबब मी ते आणखी एकदा लिहिणार नाही.

आमच्याकडे तुळशीच्या लग्नाला घरोघर ऊस लागतो. त्या आठवड्यात ठाण्याच्या बाजारात उसाच्या मोळ्या माणसाच्या उंचीच्या वर लागतात, आणि लग्न लागले की दुसऱ्या दिवसापासून त्या उसाकडे कोणी ढुंकून पाहत नाही. व्यापारी तो ओढ्याकाठी टाकून मोकळे होतात. त्या वर्षी सदर बाईने एका व्यापाऱ्याला विचारून तो सगळा ऊस बैलगाडीतून बाळकुमला नेला आणि दुसऱ्या दिवशी ती माझ्या मेजापुढे उभी राहिली.

"भाऊ, ऊस मिळालाय ढीगभर. पण माझ्या चार म्हशी आठ दिवसांत खातील किती? बाकीचा वाळून लाकूड होईल. चैतात हिरवी काडी दिसत नाही. हा तोवर ठेवता येईल का, ते तुमच्या कागदांत बघा."

माझ्या पेटीत शेतकी प्रदर्शनात वाटलेले एक पत्रक होते. छापील कागद मी टाकून देत नाही. त्यात मुरघासाची कृती होती : हिरवे गवत बारीक तोडावे, खड्ड्यात दाबून भरावे, वारा लागू न देता दोन महिने मुरू द्यावे; गवतात गोडी कमी असते म्हणून थरांवर गुळाचे पाणी शिंपडावे. मी ते तिला मोठ्याने वाचून दाखवले.

"पण हे गवताचं झालं," ती म्हणाली.

"ऊस हासुद्धा गवताच्याच जातीचा आहे," मी म्हणालो. हे मी एका शाळामास्तरांकडून ऐकलेले होते आणि ते खरेही आहे. तथापि एखादी गोष्ट खरी असणे आणि ती तिथे लागू असणे यांत अंतर असते. ते अंतर मी त्या दिवशी पाहिले नाही.

त्या रविवारी मी स्वतः बाळकुमला जाऊन खड्ड्याच्या काठावर उभा राहिलो. बाई कोयत्याने ऊस तोडत होती आणि शेजारच्या बाया तो पायांनी दाबत होत्या. काळ्या गुळाची ढेप मी आणवली होती. ती पाण्यात कालवताना पाहून तिचा सासरा बाजेवरून उठून आला.

"उसात गूळ घालता?"

"आजोबा, पत्रकात तसे आहे."

"माझा जन्म मिठागरात गेला, बाबा. पण खाडीत मीठ टाकलेलं मी अजून कोणाला बघितलं नाही."

बाया हसल्या. मी त्यांना पत्रकाची ती ओळ पुन्हा वाचून दाखवली. छापील ओळ ऐकून म्हातारा बाजेकडे परतला आणि गुळाचे पाणी थराथरावर पडले. वर पेंढा, त्यावर चिखलाचा लेप, असा खड्डा बंद झाला.

संक्रांतीच्या चार दिवस आधी तो उघडला. लेप काढताच जो वास आला त्याने जमलेल्यांतला एक जण मागे सरला आणि दुसरा पुढे आला, एवढे सांगितले म्हणजे पुरे. ताडीच्या झाडाखाली भर दुपारी येतो तसा तो वास होता. म्हशींनी मात्र ऊस आवडीने खाल्ला. त्यांतली थोरली म्हैस संध्याकाळी तळ्यावरून परतताना पुढचे पाय एकमेकांत अडकवत आली, गोठ्याच्या दारात बसली, आणि सकाळपर्यंत उठली नाही. दूध घटले. गिऱ्हाइके विचारू लागली, "बाई, आज दुधात काय घातलंय?" काहींनी तेच विचारताना भांडे जरा पुढे केले.

तिसऱ्या दिवशी जमादार आले.

"भट्टी कुठं आहे?"

"भट्टी नाही, साहेब. म्हशींचं खाणं आहे."

"मग म्हैस झिंगली का?"

"तिला विचारा. मी काही तिच्याबरोबर बसले नव्हते."

हे उत्तर तिने दिले नसते तर बरे झाले असते. जमादारांनी उरलेली काळ्या गुळाची ढेप पुरावा म्हणून उचलली, खड्ड्यातला ऊस मडक्यात घेतला, पंचनामा केला. चौकीत दारू गाळणाऱ्या संशयितांची एक वही असते. तिच्यात बाईचे नाव गेले. माघाच्या अखेरीस साहेबांपुढे चौकशी ठरली. आरोप शाबीत झाला तर शिक्षा होती आणि गोठाही बंद झाला असता. त्या गोठ्यावर ती आणि म्हातारा दोघे जगत होते.

नोटीस घेऊन ती माझ्याकडे आली. मी अनुभवी माणूस. अशा प्रसंगी कोणता अर्ज चालतो हे मला पाठ होते. मी लिहिले : 'अर्जदार बाई अडाणी असून तिच्या अज्ञानामुळे सदर चूक घडली आहे, तरी दयाळू सरकारने...' येथवर वाचून दाखवले तोच ती म्हणाली, "थांबा. अडाणी मी?"

"अर्जाची भाषा असते ती."

"गूळ घालायला मी सांगितलं का? म्हाताऱ्यानं सांगितलं? खोटं लिहायचं तर दुसरीकडे लिहून घेते. निदान त्याला चूक कोणाची ते ठाऊक नसेल."

मी तो कागद फाडला. तोवर मी एकही कागद फाडलेला नव्हता. परंतु दुसरा काय लिहावा हे मला सुचेना, कारण ऊस का बिघडला हेच मला ठाऊक नव्हते. चूक कबूल करायची तरी ती कोणती, हे आधी कळायला हवे. त्या संध्याकाळी मी पुन्हा बाळकुमला गेलो आणि म्हाताऱ्यासमोर मांडी घालून बसलो. कोणासमोर विचारायला बसण्याची मला सवय नव्हती.

"आजोबा, गोड वस्तू आंबू नये म्हणून तुमच्याकडे काय करतात?"

"ताडीवाले मडक्याला आतून चुना लावतात. मग ती गोड राहते. नीरा म्हणतात तिला. चुना नाही लावला तर सूर्य वर येईपर्यंत ताडी."

"का बरे?"

"ते चुन्याला विचार."

हे उत्तर ऐकून मी रात्रभर जागा होतो असे लिहिणे शोभेल. पण मी झोपलो, आणि सकाळी उठून पाच मडकी विकत आणली. संक्रांतीचा उरलेला ऊस तोडून त्यांत दाबला. पहिल्यात नुसता ऊस. दुसऱ्यात गुळाचे पाणी. तिसऱ्यात मिठागरातले खडे मीठ. चौथ्यात शिंपल्यांचा चुना विरघळवून त्याची निवळी. पाचव्यात मीठ व निवळी दोन्ही. तोंडे चिखलाने लिंपली, प्रत्येकावर कोळशाने खुणा केल्या आणि पाचही मडकी मेजाखाली ठेवली. अर्ज लिहिता लिहिता मी वाकून कान लावत असे. पक्षकारांना वाटे, मी अर्जाचा विचार करीत आहे. दुसऱ्या मडक्यात तिसऱ्याच दिवशी बुडबुड आवाज येऊ लागला, आणि पाचव्या दिवशी एका वकिलाच्या पायाशी त्याचा चिखलाचा लेप उडाला; मी तो पुन्हा लावला. चुन्याचे मडके मात्र एखाद्या समंजस साक्षीदारासारखे गप्प होते.

चौकशीच्या दिवशी मी पाचही मडकी टोपलीतून कचेरीत नेली. अर्ज माझ्याच सहीचा होता. त्यात लिहिले होते की गूळ घालण्याचा सल्ला अर्जलेखकाने दिला. बाईने शंका घेतली होती, सासऱ्याने हरकत घेतली होती. उसाची मुळातली गोडीच आंबण्यास पुरेशी होती; गुळाने ती आणखी वाढून त्याची ताडी झाली. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"हे तुम्ही स्वतःविरुद्ध लिहिलंत?"

"होय. आणि एक विनंती आहे. नीरेचे परवाने आपलेच खाते देते. त्यांत मडक्याला चुना लावण्याची अट का असते?"

 साहेबांनी जमादारांना खूण केली. जमादार एकेका मडक्याचे लिंपलेले तोंड फोडून ते पुढे धरू लागले. नुसत्या उसाला ताडीचा वास होता, मिठाच्या उसाला त्याहून कमी. गुळाच्या मडक्याशी साहेबांनी मान वळवली. "हे आधी बाहेर न्या. नाहीतर यावर वेगळा पंचनामा करावा लागेल." चुन्याच्या मडक्यातला ऊस पिवळसर पडला होता, वास आंबूस होता, पण ताकासारखा. मीठ व चुना असलेला त्याहून ताजा.

"वासावर निकाल देता येत नाही," साहेब म्हणाले. "जनावराला घाला. जमादार, तुम्ही समोर उभे राहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच थोरल्या म्हशीला शेवटच्या दोन मडक्यांतला ऊस घातला. तिने तो खाल्ला, बाईच्या अंगाला तोंड पुसले आणि तळ्याची वाट धरली. जमादार तिच्या मागून चालले, त्यांच्यामागे मी, आणि आमच्यामागे अर्धे बाळकुम.

"नीट बघा हो जमादार," म्हातारा बाजेवरून ओरडला, "सरळ चालतेय की नाही. तुमच्यापेक्षा सरळ!"

म्हैस सरळ गेली, सरळ आली, असे जमादारांनी लिहून दिले. साहेबांनी प्रकरण काढून टाकले आणि तोंडी बजावले, "पुढच्या वर्षीचा खड्डा चुन्याचाच."

तेव्हापासून दर कार्तिकात बाळकुमला चुन्याचा खड्डा भरतो आणि मी मेजाखाली मडकी मांडतो. चुना फार झाला तर म्हशी तोंड लावत नाहीत, ऊस जाड तोडला तर वारा आत राहतो व बुरशी धरते, हे मला आता कळले आहे. चुन्यापुढे ऊस शहाणा का होतो, हे अद्याप कळलेले नाही. शेतकी खात्याला तीन पत्रे लिहिली; उत्तर नाही. पण त्या उत्तरासाठी मी मरेपर्यंत थांबू शकतो.

दुसऱ्या एका गोष्टीसाठी मात्र थांबता येत नाही. प्रकरण काढून टाकले, तरी चौकीतल्या वहीतले नाव कोणी काढले नाही. दरवर्षी गटारीच्या आधी आणि शिमग्याच्या आधी नवा कोणी जमादार येतो, वही उघडतो, बाळकुमला जातो आणि काठीने तिचा खड्डा उकरतो. एकदा वारा आत गेला की तो मुरघास जातोच. गेल्या शिमग्यात अर्धा खड्डा फेकावा लागला. "भाऊ, म्हैस सुटली, मी नाही सुटले," ती त्या दिवशी म्हणाली.

सबब मेहेरबानांस विनंती की, वरील हकिकत ध्यानात घेऊन सदर बाईचे नाव संशयितांच्या वहीतून खोडावे. वहीतले नाव खोडण्याची रीत नसेल तर त्याच्या शेजारी, त्याच शाईने, गुळाचा सल्ला देणाऱ्याचे नावही लिहावे, म्हणजे जमादारांनी आधी माझे मेज उकरावे. यांपैकी काय केले, याचे लेखी उत्तर मिळावे. अर्जदार कचेरीबाहेर पिंपळाखाली रोज हजर असतो.