सर्वसाधारण म्हणजे कोण

"उभी राहा," सर माइकवरून म्हणाले.

मी उभी राहिले. यवतमाळच्या एका कॉलेजचं सभागृह. मागे बॅनर: 'बायोइन्फॉर्मॅटिक्स आणि संगणकीय जीवशास्त्र : संशोधनातील करिअर संधी'. समोर बीएस्सीची पोरं-पोरी खच्चून भरलेली. मी स्टेजच्या कडेला लॅपटॉप सांभाळत बसले होते. पडद्यावर आमच्या प्रकल्पाचा आलेख होता. रंगीत ठिपक्यांचे दोन घोळके, लाल आणि निळा. एक ठिपका म्हणजे एका माणसाचं रक्त.

सरांनी लेझरचा ठिपका लाल घोळक्यावर फिरवला. एका जागी थांबवला. मग तोच उजेड माझ्या छातीवर आणला आणि तिथे धरून ठेवला.

"हा ठिपका म्हणजे ही. आमचा नमुना. आणि आमचा नमुनाच आमच्याकडे नोकरीला आहे! एवढी सोय जगातल्या कुठल्याच लॅबला नसेल."

सभागृह हसलं. सरही हसले. मग त्यांनी लाल घोळक्याचं नाव मोठ्यानं वाचलं. तो जुना शब्द. दीक्षा घेताना आमच्या माणसांनी टाकून दिलेला. माझ्या पणजीच्या पिढीला गावानं ज्या शब्दानं हाका मारल्या तो. मी तो इथे लिहिणार नाही. सरांनी मात्र माइकवर दोनदा उच्चारला, कारण पहिल्यांदा मागच्या रांगेला नीट ऐकू गेलं नव्हतं.

मला बसायला कोणी सांगितलं नाही. मी उभीच होते.

मी फुलसावंगीची. माय गावची आशाताई. गावातल्या बायांची बाळंतपणं, लसी, गोळ्या तिच्याकडे. मी बीएस्सीला असताना एका मॅडमनी संगणकावर रक्तातल्या डीएनएच्या अक्षरांची ओळ दाखवली. चार अक्षरं, उलटसुलट, संपतच नाहीत. त्यात एक अक्षर बदललं की सिकलसेल. आमच्या वस्तीतल्या प्रत्येक गल्लीत हा आजार आहे. सांधे धरून रडणारी लेकरं मी लहानपणापासून पाहिली होती. त्यांचं रडणं एका अक्षरात मावतं हे मला त्या दिवशी कळलं. मी वेडी झाले. हेच शिकायचं ठरवलं. दुसरंही एक कारण होतं. हे काम संगणकासमोर बसून करायचं. संगणक आडनाव विचारत नाही, असं मला तेव्हा वाटायचं. हसू येतं आता.

एमएस्सी झाली आणि मोठ्या शहरातल्या एका संस्थेत प्रकल्प सहायक म्हणून लागले. सर यवतमाळचेच. आजोबा वकील, वडील मोठ्या कचेरीत. "तू आपल्या जिल्ह्याची," असं म्हणून त्यांनी मला घेतलं. पुढच्या वर्षी पीएचडीला त्यांच्याच हाताखाली जागा मिळणार होती. तसं कबूल झालं होतं. ते जात मानत नाहीत हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत. आठवड्यातून एकदा तरी सांगत. मी "मले" म्हणाले की लॅबमध्ये सगळ्यांसमोर थांबवत. "मले नाही, मला. जीन शिकतेस, जीभ कधी शिकणार?"

सरांच्या सिकलसेलच्या प्रकल्पाला आमच्या भागातल्या लोकांचं रक्त हवं होतं. सरांनी मलाच पाठवलं. "तुझ्यावर विश्वास ठेवतील ते." खरंच ठेवला. मायनं घरोघर जाऊन सांगितलं. शिबिर आमच्या विहारात झालं. सुई पाहून लोक बिचकले, तेव्हा सगळ्यांत आधी मी हात पुढे केला. नमुन्यांना नावं नसतात, क्रमांक असतात. पहिला क्रमांक माझा, हे सरांना म्हणून माहीत.

अर्जावर समाजाचा रकाना होता. मी प्रत्येकाला विचारत होते. अनुसया आजीची पाळी आली तशी ती म्हणाली, "बौद्ध लिव. नीट लिव. डोळ्यासमोर लिव माह्या."

मी लिहिलं. तिला वाचता येत नाही, तरी ती त्या शब्दाकडे बघत राहिली. मग बाही वर केली.

तुलनेसाठी दुसरा गट लागतो. तो सरांनी घरातूनच उभा केला. यवतमाळला त्यांच्या पुतण्याची मुंज होती. एवढे नातलग एकत्र पुन्हा कधी सापडणार? मी बर्फाची पेटी घेऊन गेले. सोबतचा टेक्निशियन मांडवात बसून रक्त घेत होता. सरांच्या वहिनींनी मला आडनाव विचारलं. मी सांगितलं. माझं ताट बाहेर जनरेटरजवळ आलं. पेटीची राखण करायला कोणीतरी हवंच ना, असं त्या गोड आवाजात म्हणाल्या.

समाजाच्या रकान्यात काय लिहायचं, असं मी सरांना तिथेच विचारलं.

"सर्वसाधारण लिही."

"सगळ्यांच्या अर्जावर?"

"सगळ्यांच्या. आमच्याकडे हे जातीचं वगैरे कोणी विचारत नाही."

जनरेटरच्या धुरात बसून मी सर्वसाधारण, सर्वसाधारण लिहीत गेले.

लॅबमध्ये आलेख तयार झाला. लाल घोळक्याला मी नाव दिलं होतं बौद्ध. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तिथे तो शब्द. मी सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, लोकांनी हे सांगितलं नव्हतं."

"लोक काय वाट्टेल ते सांगतील. धर्म बदलला म्हणून रक्त बदलतं का? रक्त दीक्षा घेत नाही बाळ."

मी म्हणाले, त्यांनी बौद्ध म्हणूनच रक्त दिलं. सरांनी चष्मा काढून पुसला. "भावना दारात ठेवून आत यायचं. हे विज्ञान आहे. पीएचडी करायची आहे ना?"

करायची होती. फार करायची होती. मी बाहेर आले आणि रात्रभर झोपले नाही. पण फाइलमधला तो शब्द तसाच राहिला. तसाच तो यवतमाळच्या पडद्यावर आला.

तर मी उभी होते. सर आता संधी सांगत होते. औषध कंपन्या, संशोधन संस्था, परदेशातल्या शिष्यवृत्त्या. तुमच्याकडे लॅपटॉप आणि मेंदू हवा, बाकी काही लागत नाही. पोरं लिहून घेत होती. मग प्रश्नांची वेळ आली. मधल्या रांगेतली एक मुलगी उठली. बारीक, हिरवी ओढणी.

"सर, आमच्यासारख्या खेड्यातल्या पोरींले यात जाता येईन का?"

सर हसले. तिच्या 'पोरींले'ला हसले, हे मला कळलं. तिलाही कळलं.

"अहो, तुमच्याशिवाय हे क्षेत्र चालणारच नाही! रक्त कुठून आणणार आम्ही?"

सगळ्यांत मोठा हशा यावर पिकला. पहिल्या रांगेतले प्राध्यापक रुमालानं डोळे पुसत होते. ती मुलगी उभ्याउभ्याच हसली. सगळे हसतात म्हणून हसली. मग खाली बसली आणि वही बंद करून पिशवीत टाकली.

ते हसू मी ओळखते. थोड्या वेळापूर्वी तेच माझ्या तोंडावर होतं. लेझर छातीवर असताना मीही हसले होते. माझं अंग पेटलं.

मी लॅपटॉप ओढला. नावांची फाइल उघडली. पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं. लाल गटाचं नाव खोडलं, बौद्ध लिहिलं. मग निळ्यावर गेले. 'सर्वसाधारण' खोडलं. तिथे सरांच्या जातीचं नाव लिहिलं. पोटजातीसकट. स्पेलिंग तपासलं. आलेख पुन्हा काढला.

ठिपके तिथेच होते. एकही हलला नाही. फक्त निळ्या घोळक्याखाली आता जातीचं नाव होतं.

हशा थांबला.

"हे काय चाललंय?" सरांचा आवाज माइकमध्ये फाटला.

मी माझ्या भाषेत बोलले. "नाव लिहून राह्यली सर. तुमच्या घरचंच रक्त हाये. मुंजीत घेतलं होतं."

"काढ ते. आत्ताच्या आत्ता काढ. हा माझ्या कुटुंबाचा अपमान आहे!"

"अपमान कायचा? आमची जात लिवली त विज्ञान, अन् तुमची लिवली त अपमान? तुम्ही सर्वसाधारण, मंग आम्ही कोन?"

प्राचार्यांनी धावत येऊन प्रोजेक्टरची वायर ओढली. पडदा काळा झाला. कोणीतरी आभारप्रदर्शन सुरू केलं.

बाहेर गाडीपाशी सरांनी मला गाठलं. आता ते हळू बोलत होते. "तुला माणसात आणलं मी. हे क्षेत्र लहान आहे. सगळे एकमेकांना ओळखतात. तुझ्यासाठी एकही दार उघडणार नाही, हे मी बघेन." मग ड्रायव्हरला म्हणाले, "हिचं सामान काढ." माझी बॅग मातीत ठेवली गेली. मी एसटीनं महागावला आणि तिथून घरी आले.

मायनं ऐकून घेतलं. ती माझ्या बाजूनं बोलेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "लोकाइले मी काय सांगू आता? दारोदार मी फिरली होती."

दुसऱ्या दिवशी मी विहारात सगळ्यांना बोलावलं आणि त्यांचं रक्त कुठल्या नावाखाली ठेवलंय ते सांगितलं. कोणी ओरडलं नाही. अनुसया आजी पुढे सरकली. मग म्हणाली, "एवढी शिकली तू. अन् आमाले त्याच नावावर नेऊन बसवलं?" ती उठून गेली. मला ते लागलं. अजून लागतं. तिनं पुन्हा मला जय भीम केलेला नाही.

लोकांनी संमती मागे घेतली. एकेक अर्ज मी संस्थेच्या नीतिसमितीकडे पाठवला. मग सरांचा फोन आला. आवाज पुन्हा गोड. "माफीचे दोन शब्द लिहून दे, अर्ज मागे घ्यायला सांग. शोधनिबंधात तुझं नाव दुसरं टाकतो. पीएचडीची जागा आहेच."

"माझं नाव नका टाकू," मी म्हणाले. "माझ्या लोकांचं नीट टाका." त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर मी ठिकठिकाणी मुलाखती देत राहिले. कामाबद्दल विचारतात, मी सांगते, माना डोलतात. मग कोणीतरी विचारतंच, आधीची जागा का सोडली? मी सगळं सांगते. जनरेटर, लेझर, निळे ठिपके. खोलीतली हवा बदलते. "कळवतो," म्हणतात. कळवत नाहीत. एका बाईंनी जाताजाता सल्ला दिला की घरगुती कारण सांगत जा, सोपं पडेल. सोपं पडेल हे मलाही कळतं.

पुढच्या आठवड्यात आणखी एक मुलाखत आहे. तिथेही विचारतील. तिथेही सांगेन. हे काम मला येतं आणि मी ते सोडणार नाही. ज्या दिवशी कोणी घेईल, त्या दिवशी सही करण्याआधी एकच अट घालीन. तक्त्यात जात लिहायची असेल तर पहिल्यांदा तुमची लिहा. नाहीतर कोणाचीच लिहू नका.