मीटरवरचं नाव

लालबागच्या चाळीत सर्वांत वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली, बकुळा कांबळेची खोली होती. एप्रिल-मे आला की दुपारी पत्रा तव्यासारखा तापायचा. बकुळाला त्याची सवय होती. पण लेक सुनेत्रा मणक्याच्या आजारानं अंथरुणाला खिळली. तिला ना कूस बदलता येई, ना गॅलरीत वाऱ्याला बसता येई. घामानं पाठीला जखमा व्हायला लागल्या, तेव्हा बकुळाला काही सुचेना.

अशात सरकारची योजना निघाल्याचं कळलं. पत्र्याखाली उष्णता अडवणारं छत, कमी वीज खाणारा पंखा. बराचसा खर्च सरकार सोसणार. योजनेच्या कचेरीतल्या मुलीनं फॉर्म नीट भरून घेतला आणि शेवटी वीजबिल पाहिलं. मीटर कोंडीराम कांबळे यांच्या नावावर. त्यांची सही लागेल, म्हणाली, नाहीतर मृत्यूचा दाखला.

कोंडीराम बकुळाचा नवरा. गिरणीत सूत कातायच्या रिंग खात्यात होता. ब्याऐंशीच्या संपात दीड वर्ष त्यानं कळ काढली. मग भिवंडीला मागावर काम बघतो म्हणून गेला. दोन पत्रं आली, पुढे काही नाही. सुनेत्रा तेव्हा चार वर्षांची. भायखळ्याच्या बाजारात भाजी निवडून, लोकांची धुणीभांडी करून बकुळानं तिला वाढवलं, बारावीपर्यंत शिकवलं. बाबा कधी येणार, असं लेकीनं विचारलं की म्हणायची, काम जमलं की येतील. पुढे सुनेत्रानं विचारणंच सोडलं. बिल मात्र त्याच्याच नावानं येत राहिलं आणि ते बदलावं असं दोघींपैकी कुणालाही वाटलं नाही.

शेजारच्या चाळीतल्या रमाकांत वकिलांनी वाट काढली. सात वर्षं ज्याची खबर नाही, त्याला कोर्ट मृत धरतं. बकुळानं तसं शपथेवर लिहून द्यायचं. एका रविवारी ते खोलीवर आले, सुनेत्राच्या खाटेशेजारी स्टूल ओढून बसले.

"मावशी, त्यांची शेवटची खबर कधीची?"

सुनेत्रानंच सांगितलं, त्र्याऐंशी सालचं पत्र आहे, पेटीत जपून ठेवलंय. वकील लिहायला लागले. बकुळा भिंतीला टेकून बसली होती. वंदनेला बसलं की पंचशीलातल्या चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्यापाशी, तिची जीभ कायम अडखळायची. अडखळून ती पुढे जायची. आज पुढे जाता येईना.

"थांबा," ती म्हणाली. "एक्क्याण्णव साल लिहा."

मग तिनं सांगितलं. संपातल्या एका जोडीदारानं कोंडीरामला पाहिल्याचं कानावर घातलं, तेव्हा ती एकटीच भिवंडीला गेली होती. मागाच्या शेडबाहेर तो दिसला. केस पिकलेले, खांद्यावर तीन-चार वर्षांची पोर, बाजूला डबा घेऊन आलेली बाई. पोर त्याचे कान धरून हसत होती. बकुळा रस्त्यापलीकडे पाण्याच्या टाकीआड उभी राहिली. हाक मारायची म्हणून गेली होती, ती मारलीच नाही. घरी येऊन लेकीला सांगितलं, बाजारात उशीर झाला. त्यानंतर खरंच काही खबर नाही.

वकील मान खाली घालून लिहीत राहिले. त्या वर्षी सुनेत्रा सातवीत होती. ती पत्र्याकडे बघत एवढंच म्हणाली, "मला न्यायचंस तरी, आई. मी लांबूनच बघितलं असतं."

बकुळानं कागद पुढे ओढला. तिनं सही केली.

कोर्टाच्या तारखांत सव्वा वर्ष गेलं. निकाल हातात पडला तेव्हा रडू येईल असं बकुळाला वाटलं होतं. तिनं नुसती कागदाची घडी करून पिशवीत ठेवली आणि पायऱ्या उतरली. चाळीतलं कुणी भेटायला आलं नाही. संध्याकाळी तिनं एक मेणबत्ती लावली आणि हळू आवाजात त्रिशरण म्हटलं. कुणासाठी, ते सुनेत्रानं विचारलं नाही.

मीटर बकुळाच्या नावावर झाला, अनुदान मंजूर झालं, दोन कारागिरांनी एका दिवसात छत बसवलं. त्या मे महिन्यात सुनेत्राला दुपारी झोप लागायला लागली. जखमा वाळल्या. मायलेकी औषधाचं बोलायच्या, जेवणाचं बोलायच्या. भिवंडीचं नाव कुणी काढलं नाही.

एका दुपारी बकुळा लेकीची पाठ पुसत होती. सुनेत्रा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "ती पोरगी आता पस्तिशीची असेल, नाही?"

"असेल."

"तिला कुणी कळवलं असेल का, आपले बाबा गेले म्हणून?"

बकुळानं फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं आणि पुन्हा पाठ पुसायला घेतली.