लांब बाहीचं पोलकं

आमच्या आर्वीत मे महिन्यात अंगावरचं कापड नकोसं होतं. तेव्हाही सासूबाई मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालतात. त्यांच्या हातांवर कोड आहे. लग्न ठरताना आम्हाला कुणी सांगितलं नाही. सून होऊन घरात आल्यावर दिसलं. कोडाचं मला काही वाटलं नाही, झाकण्याचा राग मात्र अजून गेलेला नाही.

मुलगी दहाची झाली आणि वाळत चालली. सारखी तहान. टाइप वन डायबिटीस निघाला. ती दवाखान्यातून घरी येते न येते तोच सासूबाईंनी निकाल दिला, "तुह्या बापाले साखर हाय. तुह्या माहेरचंच हाय हे." माझ्या वडिलांची साखर उतारवयातली, गोळीवर भागणारी. आजारच वेगळा. पण येणाऱ्याजाणाऱ्याला तेच ऐकवणं चालू.

वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी मुलीला समोर बसवून समजावलं. शरीराचे राखणदार चुकून आपल्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटतात. तशी प्रवृत्ती आईबाप दोघांकडूनही येऊ शकते, पण तेवढ्यानं आजार होतोच असं नाही. आणखी काय निमित्त लागतं, ते पुरतं कळलेलं नाही. दोष कुणाचाच नाही. मग त्यांनी विचारलं, घरात कुणाला थायरॉईड, कोड? नवरा भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला. मीच सांगितलं, यांच्या आईला कोड आहे. बाई म्हणाल्या, तेही राखणदारांचंच उलटणं, एकाच घरात दोन्ही दिसू शकतात.

परतताना एसटीत नवऱ्यानं बजावलं, आईजवळ हे काढायचं नाही. चोराच्या उलट्या बोंबा, आणि तोंड मी मिटायचं. इतका संताप मला कधी आला नव्हता.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बैठक भरलेली. तिळगूळ खायचा म्हणून मुलीनं इन्सुलिनचं पेन काढलं. सासूबाई दातओठ खात म्हणाल्या, "अंदर जाऊन टोच. उद्या कोन बायको करन तुले?" आणि बायकांकडे वळून पुन्हा माझं माहेर काढलं.

पोरगी जागची हलली नाही. पोटाला सुई लावत म्हणाली, "आजी, तुह्या हाताले जे झालं, तेच माह्या पोटात झालं. डॉक्टरीणबाईनं सांगतलं. तू काऊन झाकून राह्यली?"

सासूबाईंनी बाही मनगटाकडे ओढली. ती आधीच मनगटापर्यंत होती. मला मनापासून बरं वाटलं. मी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला, गोड बोला मात्र म्हणाले नाही.