पाय न टेकणारी खुर्ची

धुळ्याच्या एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात मी काही वर्षं टायपिंग केलं. संगणकावर आम्ही तिघी, दिवसाचे आठ तास, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. पाठ धरते, मान आखडते, असं वर्षभर सांगितल्यावर संस्थेचे सचिव दोन विश्वस्तांना गाडीत घालून जळगावला खुर्च्या निवडायला गेले. संगणक कुठून चालू करतात, हे तिघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. निवड कशी केली ते सचिवांनीच कौतुकाने सांगितलं. शोरूममध्ये मागे रेलून डोळे मिटायचे. जिच्यात झोप येईल ती खुर्ची चांगली!

खुर्च्या आल्या. तपकिरी रेक्झिन, डोक्याच्याही वर जाणारी पाठ, सोनेरी बटणं. पहिल्या दिवशी मीही मूर्खासारखी तिच्यात बसून फोटो काढला आणि फैजपूरला आईला पाठवला. दुसऱ्या दिवशी कळलं, माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. खुर्चीचे हात टेबलाला अडत, म्हणून की-बोर्ड लांब राही आणि मी पुढे वाकून टाइप करी. ती उंच, भारदस्त पाठ माझ्या पाठीला कधी लागलीच नाही.

आमच्यात वयाने मोठ्या होत्या साक्रीकडच्या अक्का. त्यांनी खुर्ची एकदा गरकन फिरवली. "हाई खुर्ची सलूनमा शोभस, बाई."

महिनाभरात उजवा हात खांद्यापासून मुंग्या आल्यासारखा बधिर होऊ लागला. फिजिओथेरपिस्ट बाईंनी सरळ विचारलं, "खुर्ची कोणी निवडली?" मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "पाय पूर्ण टेकले पाहिजेत, कंबरेला आधार हवा, कोपर टेबलाच्या उंचीला यायला हवं. आणि दुकानात नुसतं बसून बघू नका, काम करून बघा."

मी रविवारी पिशवीत की-बोर्ड घालून जळगावच्या त्याच दुकानात गेले. विक्रेता म्हणाला, "मॅडम, लेडीजना हे मॉडेल आवडतं. गुलाबीत पण आहे." मी त्याच्याकडे बघितलंही नाही. टेबलापाशी एकेक खुर्ची ओढून त्या न जोडलेल्या की-बोर्डवर टाइप करत राहिले. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला डोळ्याने माझ्याकडे खूण करत होता. त्याच्या दुकानात आजवर कोणी काम करून खुर्ची बघितलीच नव्हती, त्याला तरी काय कळणार? शेवटी कोपऱ्यातली एक राखाडी, जाळीच्या पाठीची, दिसायला अगदी दरिद्री खुर्ची जमली. पाय टेकले. ती मी स्वतः विकत घेतली आणि कार्यालयात आणून ठेवली. पंधरवड्यात हाताच्या मुंग्या कमी झाल्या.

मग तपासणी समिती यायची ठरली. त्या सकाळी माझी खुर्ची जागेवर नव्हती. सचिव म्हणाले, "रांगेत ती बरी दिसत नाही. एक दिवस संस्थेची वापरा."

मी वापरली नाही. उभी राहून टाइप करत राहिले. समितीतल्या एक बाई थांबल्या. "तुम्ही उभ्या का?"

"त्यांना सवय आहे," सचिव घाईने म्हणाले.

"सवय नाही," मी म्हटलं. "माझी खुर्ची स्टोअररूममध्ये कोंडलीय."

सचिवांचा चेहरा उतरला. बाई शांतपणे म्हणाल्या, "मग आणवा की." सगळ्यांसमोर खुर्ची आली. मी बसले आणि अर्धवट राहिलेलं पत्र पूर्ण केलं.

समिती गेल्यावर सचिवांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तुम्ही संस्थेची अब्रू घालवलीत." ते बराच वेळ बोलत होते. मला राग यायला हवा होता, पण त्या माणसावर रागावण्याइतकीही किंमत माझ्या मनात त्याला उरली नव्हती. मी त्याच्या टेबलावरची, अजून पारदर्शक कागदात गुंडाळलेली की-बोर्डची पेटी बघत उभी राहिले.

पुढे मला जळगावला काम मिळालं. निघताना मी खुर्ची अक्कांना दिली, वरखाली कशी करायची ते दाखवलं. आठवड्याने त्यांचा फोन आला.

"सायेब इचारी राह्यनात, हाई खुर्ची कोनी शे?"

"कोणाची म्हणून? मग तुम्ही काय सांगितलंत, अक्का?"

"मी सांगं, खुर्ची मनी शे."