फाईलमधली एक ओळ

मैत्रिणींनो, आज सकाळी कळलेली एक गोष्ट सांगते. मुलीला पाळीचा त्रास आहे. तिच्या डॉक्टरीणबाईंनी माझेही जुने कागद मागवले, म्हणून कपाटातून फाईल काढली.

एक्याण्णव साली पनवेलला माझी गर्भपिशवी काढली. मी चौतीस वर्षांची होते. नंतर अंगातून वाफा निघायच्या, झोप उडाली, शाळेत शिकवताना रडू फुटायचं. सासूबाई म्हणायच्या, "उगाच मनाला लावून घेतेस." मलाही तेच खरं वाटलं.

आज मुलीने कागद वाचला. "आई, तुझी दोन्ही अंडाशयंही काढलीयत! त्या वाफा, ते रडू त्यामुळेच, चौतिसाव्या वर्षीच तुझी रजोनिवृत्ती झाली."

मी ह्यांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो, सही मीच केली. तू घाबरशील म्हणून बोललो नाही."

इतकी वर्षं मी स्वतःलाच वेडी समजत होते. बायांनो, तुमचे कागद तुम्ही स्वतः वाचलेत का?